विहीर कोणाच्या नावावर

बिलोलीच्या कोर्टात एक वकील होते. फौजदारी कामं ते घेत नसत. मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, वारसाचे दाखले, एवढंच त्यांचं काम होतं. घरातला कर्ता माणूस गेला की जे जे कागद लागतात ते सगळे त्यांच्या हाताखालून जात. कोर्टाजवळच एका खोलीत ते बसत. खोलीत एक टेबल होतं, एक लोखंडी कपाट होतं आणि आलेल्या माणसांसाठी एक लांब बाकडं होतं. बाहेर पत्र्याच्या सावलीत त्यांचा टायपिस्ट बसायचा.

2013 सालची गोष्ट. शिमगा होऊन गेला होता. तालुक्यात तेव्हा जो तो बाभळीच्या बंधाऱ्याबद्दल बोलत होता. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा वाद सुप्रीम कोर्टात चालला होता आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा निकाल लागला होता. दारं कधी उघडायची, कधी लावायची, ते तारखेसकट ठरलं होतं. 1 जुलैला उघडायची आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवायची. पाण्याच्या पाळ्या तारखा घालून लिहाव्या लागतात, ही गोष्ट त्या वर्षी शेतकऱ्यांच्या तोंडी झाली होती.

त्या दिवसांत मांजरेकाठच्या एका गावातून एक म्हातारा वकिलांकडं आला. वय पंचाहत्तरच्या पुढं. डोक्याला पटका, हातात काठी, काखेत प्लास्टिकची पिशवी.

"वकीलसाब, वसीयत करायची हाय," तो म्हणाला.

पिशवीतून त्यानं वहीचं एक पान काढलं. नातवाच्या अक्षरात चार ओळी होत्या. नऊ एकर जमीन. साडेचार थोरल्याला, साडेचार धाकट्याला. विहीर निम्मी निम्मी. घर निम्मं निम्मं. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली होती.

वकिलांनी पान वाचलं.

"मामा, लेक नाही का तुम्हाला?"

"हाय की. सगळ्यात थोरली. धर्माबादकडं दिलीय."

"तिचं नाव दिसत नाही."

"तिचं लगन केलंय ना साहेब. ती हक्कसोड देतो म्हणलीय. पोरांनी इचारून ठिवलंय."

आपल्याकडं हा रिवाजच पडला आहे. बाप गेला की भाऊ बहिणीला बोलावतात, साडी-चोळी करतात, गोडाचं जेवण घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. कायदा तिला हिस्सा देतो हे तिला माहीत असतं. सही दिली नाही तर दिवाळीला बोलावणं येणार नाही, हेही तिला माहीत असतं. म्हणून ती सही देते, आणि सगळे म्हणतात, बहीण मनाची मोठी.

वकील यातलं काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "नऊ एकरांतली बापाची किती आणि तुमच्या कमाईची किती?"

"आठ एकर बापाची. एक एकर मी घेतली. तिच्यातच विहीर हाय. खरेदीखत हाय माझ्या नावाचं."

"मग ऐका. बापाच्या आठ एकरांत लेकीचा हक्क जन्मापासूनचा आहे. 2005 साली तसा कायदाच झालाय. तो तुम्ही देऊ शकत नाही आणि काढूनही घेऊ शकत नाही. त्यात तुमचा स्वतःचा जेवढा हिस्सा निघेल तेवढंच तुम्ही लिहू शकता. विहिरीच्या एकराचे मात्र तुम्ही एकटे मालक. ते कोणाला द्यायचं, तुमच्या मर्जीवर."

"मग तेवढंच लिवा. निम्मं निम्मं."

वकिलांनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही.

"उन्हाळ्यात पाणी किती चालतं?"

"पयले दिवसभर चालायचं. नदीतली वाळू उपसली तसं पाणी खाली गेलं. आता दोन घंटे चालती मोटार, मग बंद."

"दोन तासांचं निम्मं करायचं कसं? दोघांनी एकदम मोटारी लावल्या तर?"

"लावत न्हाईत. मी सांगतो कोणाची पाळी ते."

"तुम्ही नसल्यावर कोण सांगणार?"

म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. उत्तर दिलं नाही.

"आणि मामी कुठं राहणार? घर निम्मं निम्मं लिहिलंय. मामी कोणत्या निम्म्यात?"

त्यालाही उत्तर नव्हतं. त्या चार ओळींत बायकोचं नावच नव्हतं.

"कागद आज होत नाही," वकील म्हणाले. "मी रविवारी येतो. विहीर बघतो."

मृत्युपत्र करण्याआधी ते जमीन बघून येत. पुष्कळ वकील सातबारा आणि आठ-अचा उतारा बघून काम करतात, आणि त्यात चूक काही नाही. पण सातबाऱ्यावर विहीर आहे एवढंच लिहिलेलं असतं. तिच्यापर्यंत जायची वाट कोणाच्या बांधावरून आहे, पाइप कोणाच्या रानातून जातो, ते उताऱ्यावर नसतं. आणि भावाभावांची भांडणं तिथंच होतात.

रविवारी ते मोटारसायकलवर गावाला गेले. विहीर रानाच्या मधोमध होती. काठावर उभं राहून त्यांनी आत पाहिलं. वर काळी माती होती, तिला दगडाचं बांधकाम केलेलं. त्याखाली मुरूम. मुरमाखाली काळा पाषाण लागला होता आणि पाषाणावर पहारीचे घाव अजून दिसत होते, वरपासून खालपर्यंत, ओळीनं. तळाशी कंबरभर पाणी. दोन मोटारी, दोन पाइप. खांबावर स्टार्टरच्या दोन पेट्या. त्यातल्या एका पेटीला कुलूप होतं.

दोघं पोरगे तिथंच होते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. थोरला म्हणत होता, मागच्या पाळीला रात्री मीच जागलो. धाकटा म्हणत होता, तुझ्या पाळीला पाणी तरी होतं, माझ्या पाळीला मोटार हवा ओढती. वकील बघताहेत हे लक्षात आल्यावर दोघं गप्प झाले.

गोठ्याजवळ म्हातारी बसली होती. वकील तिच्याकडं गेले.

"मामी, विहीर जुनी दिसते. कोणी खोदली?"

"मीच खांदली," म्हातारा मागून म्हणाला.

म्हातारीनं नवऱ्याकडं पाहिलं. मग वकिलांना म्हणाली, "खांदली त्यांनीच. पण ते खांदायलते तवा आमी जेवलो कोणाच्या जिवावर, ते इचारा."

म्हातारा काही बोलला नाही. म्हातारी बोलत राहिली. पोरगे लांब उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. वकिलांनी वही काढली नाही. बसून सगळं ऐकलं, चहा घेतला आणि निघाले.

दोन-तीन आठवडे म्हातारा बिलोलीकडं फिरकला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी आला आणि म्हणाला, "साहेब, एवढं नातवाचं लगन होऊन जाऊ द्या. मंग बघू कागदाचं. आत्ता कुटं मरायलो मी?"

वकिलांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि टिळकांची गोष्ट सांगितली.

"पुण्यात बाबा महाराज म्हणून सरदार होते, लोकमान्य टिळकांचे मित्र. 1897 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा शेवट जवळ आला. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर नुकते बाहेर आले होते. बाबा महाराजांनी मृत्युपत्र केलं, टिळकांना विश्वस्त नेमलं आणि त्याच दिवशी प्राण सोडला. सह्या होत्या, साक्षीदार होते, पुढं कोर्टाचं प्रोबेटही मिळालं. मागं तरुण बायको राहिली, ताई महाराज. दत्तक घ्यायचा होता. 1901 साली आपल्या औरंगाबादला दत्तकविधान झालं, आणि थोड्याच दिवसांत बाईंनी दुसराच मुलगा दत्तक घेतला. मग खटले सुरू झाले. टिळकांवर फौजदारी झाली, शिक्षा झाली, ती हायकोर्टात रद्द झाली. बाई वारल्या. टिळक सहा वर्षं मंडालेला होते तरी दिवाणी दावा चालूच. शेवटी 1915 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं टिळकांच्या बाजूनं निकाल दिला. एका मृत्युपत्रापायी अठरा वर्षं."

"एवढे शिकले-सवरलेले लोक ते," म्हातारा म्हणाला.

"म्हणूनच सांगतो. शेवटच्या दिवशी केलेल्या कागदात विचारायचं ते विचारून होत नाही. माणूस धडधाकट असताना चार वेळा बसून कागद करावा. पुढं मन बदललं तर कागदही बदलता येतो. शेवटचा केलेला खरा धरतात."

म्हातारा बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "लिवा. विहिरीचा एकर लेकीला."

वकिलांनी मान वर केली नाही. "पोरांनी पाणी कुठून घ्यायचं?"

"तिथूनच. पाळी तिनं लावायची."

मग दोघं लिहायला बसले. विहिरीचा एकर लेकीच्या नावावर. दोन्ही पोरांना त्या विहिरीतून पाणी घ्यायचा, पाइप न्यायचा आणि बांधावरून जायचा कायमचा हक्क, मात्र पाळी बहिणीनं ठरवायची. घरातली मधली खोली आणि न्हाणी म्हातारीला, ती जिवंत असेपर्यंत. बाकी आपल्या हिश्श्याची जमीन दोघा पोरांना सारखी.

सगळं लिहून झालं. वकील म्हणाले, "आता कारण सांगा."

"कारण कशाला? माझी मर्जी हाय की. तुमीच म्हणलात."

"मामा, तुमची मर्जी तुम्ही आहात तोवर चालते. मागं कारणच चालतं."

म्हाताऱ्याला बोलायला जड गेलं. मध्येच तो उठून बाहेर जाऊन आला. वकिलांनी त्याचा एकही शब्द कोर्टाच्या भाषेत बदलला नाही. जसं बोलला तसं लिहिलं. तेवढंच एक पान झालं.

मुंबईत तेव्हा मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट घ्यावं लागायचं. बिलोलीकडं ती सक्ती नव्हती. पण उद्या वाद निघाला तर सही आपल्यासमोर झाली हे सांगायला साक्षीदार लागतोच. म्हणून वकिलांनी दोन साक्षीदार म्हाताऱ्यापेक्षा पुष्कळ तरुण निवडले, शाळेतले एक गुरुजी आणि एक दुकानदार. दोघांनाही त्या कागदातून काही मिळणार नव्हतं. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की माणूस शुद्धीवर आहे, समजून-उमजून बोलतो आहे. दुय्यम निबंधकाकडं नोंदणी झाली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही, फीसुद्धा शंभर रुपयेच असते. तरी लोक घरच्या घरी कागद करून ट्रंकेत टाकतात आणि तो कागद कधी उंदरांना सापडतो, कधी नको त्या माणसाला.

म्हाताऱ्यानं घरी कोणाला काही सांगितलं नाही. वकिलांनी दोनदा सुचवलं, तरी नाही. ते त्याला जमलं नाही.

पुढच्या वर्षी थंडीत तो गेला.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. लेक अजून माहेरीच होती. थोरल्यानं हक्कसोडपत्र टाइप करून आणलं होतं, खिशात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बहिणीला बिलोलीला न्यायचं ठरलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी गुरुजी आणि वकील घरी आले.

सगळे ओसरीवर बसले. वकिलांनी कागद वाचायला घेतला. विहिरीच्या कलमापर्यंत आले आणि थोरला उठून उभा राहिला.

"विहीर आक्काला? आक्का काय धर्माबादला पाइप नेणार हाय का? आबाला कोणी भरवलं हे?"

धाकटाही उठला. ऊस त्याचा होता, पाण्याची गरज त्याला जास्त. "आमी काय आता पाणी इचारून घ्यायचं? आमच्याच रानात?"

"बसा," वकील म्हणाले. "अजून एक पान आहे. ते तुमच्या वडिलांनी सांगितलं तसंच लिहिलंय."

आणि त्यांनी वाचलं.

"72 साली पाऊस पडला न्हाई. बैल इकले. थोरला पोरगा अंगावर पीत होता, पाच म्हैन्याचा. त्याच्या मायला कामावर जाता येत नव्हतं. मी विहिरीला हात घातलेला. पाणी लागंना. सोडावं तर केलेलं मातीत जात होतं, न सोडावं तर खायला न्हाई. पोरगी पाचवीत होती. बारा वर्साची. ती म्हणली, आबा तुमी विहीर खांदा, मायच्या जागी मी जातो. तिनं शाळा सोडली. सडकेच्या कामावर खडी फोडली. मस्टरवर नाव मायचं, काम तिचं. आठवड्याला मजुरी आणायची, सुकडी आणायची, मिलोचं गठुडं डोक्यावर आणायची. वर्सभर घर तिच्यावर जेवलं. एकदा कपरी उडून डोळ्याखाली लागली. ती खूण हाय. दुसऱ्या उन्हाळ्यात छत्तीस हातावर पाणी लागलं. तवा मी पोरग्याला उचलून घेऊन नाचलो. तिला काय म्हणलो न्हाई. पुन्ना शाळेत घातली न्हाई. दोन वर्सानं लगन करून दिलं. तिनं कधी काय मागितलं न्हाई. म्हणून विहीर तिची. आन पोरांनो, तुमचं भांडण होऊ न्हाई म्हणून बी तिची. तिला पाणी लागत न्हाई, म्हणून ती पाळी खरी लावील."

वाचून झालं. थोरला खाली बसला. अंगावर पिणारा तो पोरगा तोच होता. कळता झाल्यापासून त्यानं त्या विहिरीचं पाणी पिकाला दिलं होतं आणि बहिणीच्या डोळ्याखालची खूण लहानपणापासून पाहिली होती. ती कशाची आहे हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

लेक भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. थोड्या वेळानं तिनं पदर काढला आणि म्हणाली, "स्टार्टरच्या पेटीला कुलूप कोणी लावलंय? ते पयले काढा."

धाकट्यानं किल्ली दिली.

गावात सांगणारे पुष्कळ होते. कोणी थोरल्याला म्हणालं, कोर्टात जा, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता म्हणून सांग. कोणी म्हणालं, बहिणीवर दबाव आण. तलाठ्यानं फेरफाराची नोटीस काढली. हरकतीला पंधरा दिवस होते. कोणाची हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली.

बापाच्या आठ एकरांत तीन भावंडांची आणि आईची, अशी चार नावं लागली. वकिलांनी लेकीला एकदा समोर बसवून विचारलं होतं, "हक्कसोड देणार का? तुमच्या मनात असेल तसं सांगा. कोणी जवळ नाही."

"सही देत न्हाई," ती म्हणाली होती. "नाव राहू द्या. पीक त्यांनी घ्यावं. वर्साला एक पोतं जवारी आन मायला सुखानं दोन घास. नाव काढून टाकलं की माणूस लवकर इसरतं, साहेब."

विहिरीची पाळी तिनं अशी लावली. शेतीची लाइट तेव्हा एक आठवडा दिवसाची असली तर पुढच्या आठवड्यात रात्रीची यायची. ज्याची पाळी या खेपेला रात्री आली त्याला पुढच्या खेपेला दिवस. मोटार हवा ओढायला लागली की पाळी संपली, मग ती कोणाची का असेना. पाणी भरून आल्यावर दुसऱ्याची. पाइप फुटला तर ज्याच्या पाळीत फुटला त्यानं नीट करायचा. बांधावरच्या वाटेत काही पेरायचं नाही. तिनं हे नातीच्या वहीत लिहून घेतलं आणि दोघा भावांच्या सह्या घेतल्या. धाकटा पहिल्या वर्षी कुरकुरला. थोरल्यानं एकदा रात्री पाळी चुकवून मोटार लावली. दुसऱ्या दिवशी धर्माबादहून फोन आला आणि त्यानं पुढच्या दोन पाळ्या सोडल्या.

मग 2016 चा उन्हाळा आला. सलग दोन पावसाळे हुकले होते. लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरेच्या पात्रात नुसती वाळू होती, तीही ठिकठिकाणी उकरलेली. विहीर दिवसाला अर्धा तास चालायची. धाकट्याचा दोन एकर ऊस उभा होता. थोरल्यानं जनावरांसाठी मका केला होता.

बहीण एसटीनं आली. विहिरीत वाकून बघितलं. माय आणि दोन्ही भावजयांना बोलावलं.

"या वर्सी पिकाला पाणी न्हाई," ती म्हणाली. "माणसाला आन जनावराला. बाजूच्या रानातल्यांनी घागर आणली तरी द्यायची. मोटारी दोन्ही बंद."

"माझा ऊस जाईल आक्का," धाकटा म्हणाला.

"जाईल. त्याचा मका बी जाईल."

ऊस गेला. मकाही गेला. आसपासच्या रानांत त्या वर्षी भाऊबंदकीच्या मारामाऱ्या झाल्या, दोन चुलतभावांचं प्रकरण तर ठाण्यात गेलं. त्या विहिरीवर मात्र सकाळ-संध्याकाळ बादल्या निघत राहिल्या. ज्येष्ठ संपायच्या आत पाऊस लागला आणि त्या वर्षी तो चांगला झाला.

कोणाला काय द्यायचं, हे लिहायला एक ओळ पुरते. घरं मोडतात ती त्या ओळीच्या खालच्या कोऱ्या जागेवरून. हे यालाच का, मला का नाही, हा प्रश्न मागं राहणाऱ्यांच्या मनात येतोच, आणि उत्तर द्यायला तो माणूस नसतो. मग जो तो आपापलं उत्तर लिहितो आणि ते वाईटच असतं. वकिलांनी त्या कोऱ्या जागेवर म्हाताऱ्याला बोलायला लावलं. कायद्याच्या दृष्टीनं त्या पानाची गरज नव्हती. विहिरीचं कलम त्याच्याशिवायही टिकलं असतं. पण त्या घरातले तीन भाऊ-बहीण कदाचित टिकले नसते.

दुसऱ्या वर्षी बहीण बिलोलीला वकिलांकडं आली. एकटी नव्हती. बरोबर दोघं भाऊ होते.

"वकीलसाब, माझ्यामागं विहिरीचं काय, ते लिवायचं हाय."

"तुमच्या मुलांना द्यायची असेल," वकील म्हणाले.

"माझी पोरं इकडं येणार न्हाईत. ती इकून टाकतील, आन घेणारा तिसराच आसंल. दोन भाच्या हाईत मला, एक थोरल्याची पोरगी, एक धाकट्याची. कोणीतरी एकीच्या नावावर करीन म्हणते."

भाऊ एकमेकांकडं बघायला लागले.

"आबांनी मागं सांगितलं," ती भावांकडं वळून म्हणाली. "मी आत्ताच सांगणार हाय. कोणाला देते, आन का देते. तुमाला पटलं न्हाई तर हितंच भांडा. साहेबांसमोर."

वकिलांनी तिघांना बाकड्यावर बसवलं. टायपिस्टला आत बोलावलं आणि कागद लावायला सांगितला.

"नाव मागाहून टाका," ती टायपिस्टला म्हणाली. "पयले कारण लिवा."